आलम आरा : पडदा बोलू लागला तेव्हा

विद्यार्थ्यांनो, पडद्यावरचा माणूस बोलतो, गातो, रडतो, दरवाजा आपटतो आणि हे सारे आपल्याला ऐकू येते, याचे तुम्हांला मुळीच नवल वाटत नाही. तुम्हांला समज आली तेव्हापासून हे असेच आहे. पण एक काळ असा होता, की पडद्यावरची माणसे नुसतेच ओठ हलवीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवण्यात आला. तेव्हापासून पुढची अठरा वर्षे आपले चित्रपट मुके होते. म्हणून त्यांना मूकपट म्हणत. पात्र काय बोलते ते मधूनमधून पाटीवर लिहून दाखवीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याशेजारी बसून एखादा पेटीवाला आणि तबलजी प्रसंगाला शोभेल असे वाजवीत राहत.

मूकपटाची एक मोठी सोय होती. त्यात काम करणाऱ्याची भाषा कोणती, याला काही महत्त्व नव्हते. मराठी माणूस इराणचा शहजादा होऊ शके आणि पुण्यात जन्मलेली यहुदी मुलगी राजपूत राणी होऊ शके. चेहरा देखणा हवा, घोड्यावर बसता यायला हवे आणि डोळ्यांतून राग किंवा प्रेम दिसायला हवे, एवढे पुरे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

अर्देशीर इराणी हे एक पारशी गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८८६ साली पुण्यात झाला. अब्दुलअली युसुफअली या भागीदाराबरोबर त्यांनी मुंबईत चित्रपटगृहे चालवली. पुढे 'इंपीरियल फिल्म कंपनी' काढून ते स्वतःच चित्रपट बनवू लागले. मुंबईच्या एक्सेलसिअर चित्रपटगृहात त्यांनी 'शो बोट' नावाचा अमेरिकन चित्रपट पाहिला. त्याचा काही भाग बोलका होता. तो पाहून इराणींच्या मनाने घेतले, की आपण आपल्या भाषेत पूर्ण बोलणारा चित्रपट काढायचा. तिकडे कलकत्त्याची मादन थिएटर्स ही मोठी कंपनीही बोलपटाच्या तयारीत होती. पहिला मान कोणाला मिळणार, अशी ही शर्यत होती. म्हणून इराणींनी आपला बेत बाहेर फारसा कळू दिला नाही.

कथा कोठून आणायची? इराणींनी पारशी रंगभूमीवरचे एक नाटक निवडले. पारशी रंगभूमी म्हणजे पारशी मालकांच्या नाटक कंपन्या. त्यांची नाटके बहुधा उर्दूत असत आणि त्यांत गाण्यांची रेलचेल असे. या नाटकाचे लेखक होते जोसेफ डेव्हिड. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणात आणि मुंबईत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या यहुदी समाजातले. या समाजाची घरातली भाषा मराठी. तेव्हा पाहा, लेखक मराठीभाषक यहुदी, दिग्दर्शक पुण्यात जन्मलेला पारशी आणि नाटक उर्दू ! त्या वेळच्या मुंबईत यात कोणाला काही विशेष वाटले नाही.

नाटकाचे नाव 'आलम आरा'. याचा अर्थ तुम्हांला मी सांगायला नको. आलम म्हणजे जग आणि आरा म्हणजे सजवणारी. मराठीत सणासुदीला आपण 'आरास' करतो, तो शब्दही याच फारसी घराण्यातला आहे.

आता कथा ऐका. कुमारपूर नावाच्या राज्यात एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या, नवबहार आणि दिलबहार. दोघींनाही मूल नव्हते. एक दिवस एक फकीर आला आणि त्याने भविष्य सांगितले, की नवबहारला मुलगा होईल. पण तो अठराव्या वर्षानंतर जगावा असे वाटत असेल तर नवबहारच्या आवडत्या माशाच्या गळ्यात दिसणारा हार मिळवावा लागेल. ठरल्याप्रमाणे मुलगा झाला. त्याचे नाव क़मर ठेवले. दिलबहार मनातून जळू लागली. तिने राज्याचा सेनापती आदिल याला आपल्या बाजूला ओढण्याचा प्रयत्न केला. तो बधला नाही, तेव्हा तिने त्याच्यावरच खोटा आळ घेतला. राजाने आदिलला कैदेत टाकले. त्याच्या गरोदर बायकोला महालातून हाकलून दिले. त्या बिचारीला रानावनात मुलगी झाली आणि ती स्वतः मरण पावली. मुलगी भटक्या लोकांत वाढली. हीच आलम आरा.

क़मरचा अठरावा वाढदिवस आला. माशाच्या गळ्यात हार दिसला. पण दिलबहारने तो गुपचूप पळवला आणि त्याच्या जागी नकली हार ठेवला. क़मर मेला. घरच्यांनी त्याचे दफन केले नाही, ते फकिराचा शोध घेऊ लागले. आणि इथे कथेतला खरा चमत्कार सुरू होतो. दिलबहार रात्री झोपताना गळ्यातला हार काढून ठेवी, तेव्हा क़मर जिवंत होई. सकाळी तिने हार घातला, की तो पुन्हा निष्प्राण पडे. रात्री जीव, दिवसा मरण !

इकडे आलम आराला आपल्या वडिलांची हकिकत कळली. त्यांना सोडवायचेच अशा निश्चयाने ती रात्रीच्या वेळी महालात शिरली. तिथे तिला जिवंत क़मर भेटला आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम बसले. पुढे दिलबहारचे कपट उघडकीस आले, आदिलची सुटका झाली आणि क़मर व आलम आरा यांचे लग्न झाले.

तुम्ही म्हणाल, ही तर आजीने सांगितलेली गोष्ट झाली. खरेच आहे. बंगालमध्ये डालिमकुमार नावाच्या राजपुत्राची एक लोककथा सांगतात. तिच्यातही दोन राण्या, फकीर, मासा, हार आणि दिवसा मरून रात्री जगणारा राजपुत्र आहे. मला तर वाटते, इराणींनी मुद्दामच अशी ओळखीची गोष्ट घेतली. लोकांना आवाज नवा होता, यंत्र नवे होते, कथाही नवी दिली असती तर ते गोंधळले असते. शिवाय कैदेतला बाप, रानात वाढलेली मुलगी, रात्रीच्या अंधारात महालात शिरण्याचे धाडस, अशा कथेत माणसे रडतात, ओरडतात, विनवण्या करतात. बोलक्या पडद्याला हेच तर हवे होते.

चित्रीकरण मात्र सोपे नव्हते. आज आवाज वेगळा आणि चित्र वेगळे घेता येते. चूक झाली तर नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त करता येते. इराणींकडे 'तनार' नावाची यंत्रणा होती. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फितीवर उमटत. म्हणजे नटाचे वाक्य चुकले की सगळा प्रसंग पुन्हा ! ही यंत्रणा बसवायला विल्फर्ड डेमिंग नावाचे एक अमेरिकन तज्ज्ञ आले होते. त्यांचे रोजचे मानधन शंभर रुपये होते. १९३१ साली ही रक्कम फार मोठी होती. म्हणून इराणी आणि रुस्तुम भरुचा यांनी त्यांच्याकडून काम भराभर शिकून घेतले आणि उरलेले ध्वनिमुद्रण स्वतःच केले.

दुसरी अडचण आगगाडीची. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि आवाज बाहेर-आत जाऊ न देणाऱ्या भिंती त्या वेळी नव्हत्या. प्रेमाचा नाजूक संवाद चालला आहे आणि मध्येच इंजिनाची शिटी ! यावर उपाय एकच होता. गाड्या थांबल्या की काम सुरू करायचे. म्हणून बहुतेक चित्रीकरण रात्रीच झाले, पहाटे गाड्या सुरू होण्याआधी. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी लपवून ठेवत. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नटनट्यांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे आणि साथीदारांनी पडद्याआड किंवा कोपऱ्यात दडून वाजवायचे. चित्रपटात सात गाणी होती. पहिले गाणे फकिराच्या तोंडी होते. ते वज़ीर मुहम्मद ख़ान यांनी म्हटले. दाराशी भीक मागणाऱ्या फकिराच्या गाण्याने भारतीय चित्रपटसंगीताची सुरुवात झाली, ही गोष्ट मला फार आवडते. नाहीतर आपल्या चित्रपटांत फकिराला विचारतो कोण !

आता त्या मघाच्या मुद्द्याकडे वळू. मूकपटात भाषा लागत नव्हती, बोलपटात लागू लागली. यामुळे किती जणांच्या पोटावर पाय येणार होता, याची कल्पना करा.

चित्रपटाचे नायक होते मास्टर विठ्ठल. हे मराठी नट. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'त त्यांनी सुरुवात केली. मग मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत तलवारबाजी, उड्या आणि घोडदौड करून ते इतके गाजले, की लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. फेअरबँक्स हे अमेरिकन मूकपटांतले मोठे साहसी नट होते. 'आलम आरा'साठी आधी मेहबूब ख़ान यांचा विचार झाला होता. पुढे 'मदर इंडिया' काढणारे मेहबूब ख़ान ते हेच. पण ते तेव्हा नवखे होते आणि विठ्ठल यांच्या नावावर तिकिटे खपत. विठ्ठल यांनी शारदा कंपनी सोडली, तेव्हा कंपनीने करार मोडल्याबद्दल त्यांच्यावर दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना, आणि विठ्ठल जिंकले.

कोर्ट जिंकले, पण भाषा कशी जिंकणार? विठ्ठल यांना उर्दू सफाईने बोलता येत नव्हते. त्यांच्या पात्राचे नावच घ्या. क़मर म्हणजे चंद्र. पण 'क़' घशातून न काढता साधा 'क' म्हटला, की 'कमर' होते, म्हणजे कंबर ! तुम्हांला हे हसण्यासारखे वाटेल. मात्र हसण्यापूर्वी स्वतःला विचारा, 'कमळ', 'काळ' आणि 'फळ' म्हणताना तुमची जीभ किती वेळा अडखळते? 'ळ' तुम्हांला जड, 'क़' त्यांना जड. फरक एवढाच, की तुम्ही वर्गात चुकता आणि शिक्षक दुरुस्त करतात. विठ्ठल यांना सगळ्या देशापुढे बोलायचे होते.

यावर तोड काय काढली? विठ्ठल यांना बऱ्याच प्रसंगांत गुंगीत किंवा अर्धवट शुद्धीत असल्यासारखे दाखवले आणि त्यांच्या तोंडी संवाद कमी ठेवले, असे सांगतात. कथेतला राजपुत्र तसाही अर्धा वेळ निष्प्राण पडलेला, त्यामुळे हे खपूनही गेले. पण ज्याच्या नावावर तिकिटे विकायची, तोच नायक देशाच्या पहिल्या बोलपटात जवळजवळ गप्प ! त्या माणसाला काय वाटले असेल? उड्या मारणारा, तलवार चालवणारा गडी, आणि त्याला डोळे मिटून पडून राहायला सांगितले. विठ्ठल यांनी हार मानली नाही. पुढे अनेक वर्षे ते मराठी बोलपटांत काम करत राहिले. तिथे त्यांची भाषा त्यांच्या मदतीला होती. पण मूकपटाच्या काळातले ते स्थान काही परत मिळाले नाही.

दुसरे उदाहरण सुलोचना यांचे. त्यांचे खरे नाव रूबी मायर्स. मूकपटाच्या जमान्यात त्या सर्वांत मोठ्या तारका होत्या. त्यांनाही हिंदुस्थानी बोलता येत नव्हते. त्यांनी सरळ वर्षभर काम थांबवले, भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली 'माधुरी' या बोलपटातून त्या परत आल्या. एवढ्या नामांकित स्त्रीने पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसायचे, हे सोपे नाही. मला त्यांचे कौतुक वाटते.

ज्यांची जीभ उर्दूत घोळलेली होती त्यांचे मात्र फावले. आलम आराची भूमिका केली ज़ुबैदा यांनी. सचिन संस्थानचे नवाब हे त्यांचे वडील आणि फ़ातिमा बेगम त्यांच्या आई. या फ़ातिमा बेगम आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक. १९२६ साली त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट काढला होता. सेनापती आदिल झाले पृथ्वीराज कपूर. त्यांचे शिक्षण पेशावरला झाले होते आणि आवाज भरदार होता. 'मुग़ल-ए-आज़म'मधला बादशहा अकबर तुम्ही पाहिला असेल, तर तो आवाज तुमच्या ओळखीचा आहे.

१४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला. अठ्ठ्याहत्तर कलावंत तुमच्यासमोर जिवंत होऊन बोलणार, अशी जाहिरात केलेली होती. सकाळपासूनच इतकी गर्दी लोटली, की इराणींना स्वतःलाच आत जाताना नाकी नऊ आले. रांग लावण्याची सवय तेव्हा लोकांना नव्हती. नुसती रेटारेटी. शेवटी पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले. हिशेब करा, सोळा ते वीस पट ! चित्रपट तिथे आठ आठवडे चालला. कलकत्त्याच्या मादन कंपनीचा 'शीरीं फ़रहाद' त्याच वर्षी आला, पण 'आलम आरा'नंतर. शर्यत इराणींनी जिंकली होती.

नंतर सगळीकडेच जिभा सुटल्या. त्याच वर्षी इराणींच्याच स्टुडिओत 'कालिदास' तयार झाला, त्यात तमिळ आणि तेलुगू संवाद होते. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडद्यावर ऐकू येऊ लागली. १९३३ साली इराणींनी मुंबईत 'दुख़्तर-ए-लुर' तयार केला. तो फारसी भाषेतला पहिला बोलपट. इराण देशाने आपली भाषा पडद्यावर प्रथम ऐकली ती मुंबईहून गेलेल्या चित्रपटात.

एवढे वाचल्यावर तुम्ही विचाराल, मग हा 'आलम आरा' आम्हांला कधी दाखवता? तो दाखवता येणार नाही. कोणालाच नाही. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही.

त्या काळची फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. ती चटकन पेट घेई आणि नीट सांभाळली नाही तर आपोआप कुजून तिचा भुगा होई. शिवाय फिल्मवर चांदीचा अंश असतो. चित्रपट जुना झाला, त्याला गिऱ्हाईक उरले नाही, की लोक त्याची रिळे चांदी काढण्यासाठी विकून टाकीत. घरातली जुनी भांडी मोडीत द्यावीत तसे. असे शेकडो चित्रपट गेले. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तेव्हा फार उशीर झाला होता. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी 'आलम आरा'चा खूप शोध घेतला. ते खुद्द इराणींनाही भेटले. पण चित्रपट हाती लागला नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत तो जळाला, असे काही ठिकाणी छापून आले आहे. ते बरोबर नाही. जळायला तो तिथे नव्हताच, असे नायर यांनी स्पष्ट सांगितले होते.

गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही तेव्हा निघाल्या नव्हत्या. म्हणजे चित्र गेले आणि आवाजही गेला. उरली आहेत काही छायाचित्रे, जाहिराती आणि चित्रपटाची पुस्तिका. छायाचित्रांत ज़ुबैदा दिसतात, विठ्ठल दिसतात, राजवाड्यातला दरबार दिसतो. ज्या चित्रपटाने आपल्याकडे पहिल्यांदा तोंड उघडले, तो आज आपल्याला मूकपटासारखाच पाहावा लागतो.

शब्दार्थ
रेलचेल – भरपूर असणे, इफ़रात
आळ घेणे – खोटा आरोप करणे, तोहमत लावणे
बधणे – वश होणे, फशी पडणे
निष्प्राण – जीव नसलेला, बेजान
कपट – फ़रेब, दग़ा
पोटावर पाय येणे – रोज़ी बुडणे
तोड काढणे – अडचणीतून मार्ग शोधणे, तदबीर करणे
फावणे – फायद्याची संधी मिळणे
नाकी नऊ येणे – फार त्रास होणे
मोडीत देणे – जुनी वस्तू भंगाराच्या भावाने विकणे

स्वाध्याय
१. 'आलम आरा'चे चित्रीकरण बहुतेक रात्रीच का करावे लागले?
२. दिलबहारने कोणते कपट केले? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. बोलपट आल्यावर मास्टर विठ्ठल आणि सुलोचना यांनी आपापल्या अडचणीला कसे तोंड दिले? तुम्हांला कोणाचे वागणे अधिक पटते? कारण सांगा.
४. 'ळ' असलेले दहा मराठी शब्द पाठातून व इतरत्र शोधून मोठ्याने वाचा. 'क़', 'ख़', 'ग़' असलेले पाच उर्दू शब्द एखाद्या मराठीभाषक मित्राला म्हणायला सांगा.
५. 'नाकी नऊ येणे' आणि 'पोटावर पाय येणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांनी चित्रपटगृहात पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाविषयी विचारा आणि ते सांगतील ते मराठीत लिहून आणा.